पाचवी खुर्ची कोणाची?

परदेशी प्लेअर आणा आणि कप उचला! इ-स्पोर्ट्सच्या दुनियेतला हा फंडा ऐकायला सॉलिड वाटतो. पण मग आपल्या पोरांचं काय?

एक छोटीशी क्विझ. २०१८ साली ओव्हरवॉच लीगचा पहिलावहिला कप लंडन स्पिटफायर या टीमने उचलला. न्यूयॉर्कला, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये, भर गर्दीत. आता सांगा बघू, लंडनच्या त्या टीममध्ये ब्रिटिश खेळाडू किती होते?

शून्य. सगळेच्या सगळे कोरियन! मी तेव्हा मास कॉम करत होते आणि होस्टेलच्या रडक्या वायफायवर ती फायनल तुकड्यातुकड्यांत बघितली होती. नाव लंडनचं, स्टेज अमेरिकेचं आणि कप घेऊन नाचणारी मुलं दक्षिण कोरियाची. आम्हा मैत्रिणींना त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. आयपीएल बघून मोठी झालेली पिढी ना आम्ही!

त्याच सीझनमधली दुसरी गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. शांघाय ड्रॅगन्स नावाची टीम होती. सुरुवात चिनी खेळाडूंवर केली, हरायला लागले, मग सीझन अर्धवट असतानाच घाईघाईने कोरियाहून खेळाडू मागवले. त्यात गेगुरी होती, या लीगमध्ये खेळलेली पहिली मुलगी. एवढं सगळं करून निकाल काय? चाळीस मॅचेस, चाळीस पराभव. एकही विजय नाही! आणि याच शांघायने २०२१ साली लीग जिंकली, तीही जवळजवळ पूर्ण कोरियन टीम घेऊन.

म्हणजे परदेशी खेळाडू आणून तोंडावर आपटताही येतं आणि जगज्जेतंही होता येतं. मग फरक कशाने पडतो? गेले काही महिने मी याच प्रश्नाच्या मागे लागले आहे. कारण आता हा प्रश्न लंडन-शांघायचा राहिलेला नाही. तो थेट मुंबईत येऊन बसलाय.

ज्यांना इ-स्पोर्ट्स म्हणजे ‘ते पोरांचं मोबाइलवर बोटं आपटणं’ एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी पटकन सांगते. हे पगारी काम आहे. करार असतात, कोच असतो, रोजचे सात-आठ तास सराव असतो. २०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने इ-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या छत्राखाली आणलं. २०१८च्या जाकार्ता एशियन गेम्समध्ये हा प्रकार नुसता प्रदर्शनापुरता होता (तिथेही आपल्या तीर्थ मेहताने हर्थस्टोनमध्ये ब्राँझ आणलं होतं). हांगझोऊच्या गेम्समध्ये, म्हणजे २०२३ साली, तो अधिकृत पदकांचा खेळ झाला. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली आणि इ-स्पोर्ट्सला मात्र वेगळी, मानाची जागा मिळाली. तेव्हा आई-बाबांना सांगायला हरकत नाही, की हे जुगारात मोडत नाही.

मुंबईची टीम, सोलचं मैदान

व्हॅलोरंट नावाचा गेम आहे. पाच विरुद्ध पाच. २०२३ साली त्याच्या मालकांनी, म्हणजे रायट गेम्सने, जगाचे मोठे भाग पाडून कायमस्वरूपी लीग सुरू केल्या. आपण पडलो पॅसिफिकमध्ये. दहा टीम्स, मॅचेस सोलमध्ये. कोरियाच्या तीन, जपानच्या दोन, सिंगापूर, इंडोनेशिया, फिलिपिन्स, थायलंडवाले आणि भारतातून एकच... मुंबईची ग्लोबल इस्पोर्ट्स.

मॅनेजमेंटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाची एकुलती एक टीम. समोर कोरिया-जपानची पोरं, जी शाळेत असल्यापासून हाय-स्पीड इंटरनेटवर खेळत आलीत. तुमच्या देशात व्हॅलोरंटचा सर्व्हरच मुळी २०२० साली आला, त्याआधी आपली पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायची. म्हणजे तुम्ही गोळी झाडली की ती समुद्र ओलांडून जाणार, तोवर समोरचा तुम्हाला मारून मोकळा. याला ‘पिंग’ म्हणतात, आणि भारतीय गेमरच्या शिव्यांमध्ये हा शब्द पहिल्या पाचात असेल.

तर मॅनेजमेंटने काय केलं? मिसळ केली. गणेश गंगाधर ऊर्फ स्क-रॉसी आणि अभिरूप चौधरी ऊर्फ लाइटनिंगफास्ट हे दोन भारतीय. जोडीला इंडोनेशियाचा मॉन्येट, कोरियाचा बाझी, अमेरिकेचा आयरिन. त्याच वर्षी कोरियाचा किम ना-रा, म्हणजे टेक्श्चर, हाही आला. मैदानावरची भाषा अर्थातच इंग्रजी, जी यातल्या बहुतेकांची मातृभाषा नाही.

टीम जिंकली का? नाही हो. अधूनमधून चमक दाखवली, पण वरच्या फळीत काही पोचली नाही. पुढच्या सीझन्समध्ये माणसं बदलत गेली. सिंगापूरचे आले, फिलिपिन्सचे आले, आणि भारतीय नावं विरळ होत गेली.

आणि आता खरी मिरची. टेक्श्चर एक सीझन मुंबईच्या टीमकडून खेळला, मग कोरियाच्या जेन-जीमध्ये गेला आणि २०२४ साली शांघायला मास्टर्स स्पर्धा जिंकून मोकळा झाला. फिलिपिन्सचा पॅटमेन मुंबईच्या टीममधून सिंगापूरच्या पेपर रेक्सकडे गेला आणि २०२५ साली टोरंटोत त्यानेही मास्टर्सचा कप उचलला! म्हणजे आपण माणसं चुकीची निवडली, असं कोणी म्हणूच शकत नाही. नजर एकदम झक्कास होती. हिरे आपणच हेरले, पण कोंदण दुसऱ्याकडे होतं.

मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. कारण नेहमीचा वाद असा रंगतो, की परदेशी चांगले की आपले चांगले. माझा फ्लॅटमेट (आयटीत आहे, रात्री दोनपर्यंत व्हॅलोरंट खेळतो आणि सकाळच्या स्टँडअप मीटिंगला कॅमेरा बंद ठेवतो) म्हणतो, सरळ पाच कोरियन घ्या आणि विषय संपवा. ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर ‘लॅटरल हायरिंग’. पण तुमच्या ऑफिसात बाहेरून गलेलठ्ठ पॅकेजवर आणलेला मॅनेजर आठवा जरा. काही जण खरंच सगळ्या टीमला वर काढतात. आणि काही जण दीड वर्षात ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ म्हणून निघून जातात. मागे उरतात त्यांच्या जुन्या पीपीटी आणि तुमचं रखडलेलं प्रमोशन.

चीनने काय केलं, अमेरिकेने काय केलं

या बाबतीत सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये. २०१४ साली कोरियाच्या सॅमसंग व्हाइटने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, आणि त्यानंतर काही आठवड्यांत सॅमसंगच्या दोन्ही टीम्स अक्षरशः रिकाम्या झाल्या. जगज्जेते खेळाडू भराभर चीनला गेले. पगार कितीतरी पटीने जास्त होते, मग कोण थांबणार? तेव्हाच रायटने नियम आणला, की पाचांपैकी जास्तीत जास्त दोन परदेशी. तीन खुर्च्या घरच्यांसाठी राखीव. आयपीएलचा चार परदेशी खेळाडूंचा नियम आठवा, तोच हिशोब.

आता गंमत बघा. चीनच्या टीम्सनी आजवर तीन वेळा ही वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आहे. २०१८ला इन्व्हिक्टस गेमिंग, २०१९ला फनप्लस फीनिक्स, २०२१ला एडवर्ड गेमिंग. तिन्ही वेळा पहिल्या पसंतीच्या पाचात कोरियन किती? बरोब्बर दोन!

एवढं वाचून कोणीही म्हणेल, झालं की, कोरियन आणा आणि जिंका. पण जरा आत शिरूया. इन्व्हिक्टसचा रुकी चीनमध्ये आला २०१४च्या शेवटी, आणि जिंकला २०१८ला. चार वर्षं एकाच टीममध्ये! एडवर्डचा स्काउट २०१६ पासून तिथेच होता, त्याने कप बघितला २०२१ला. फनप्लसचा दोईनबी २०१५ला चीनमध्ये आला तो तिथलाच होऊन गेला. चिनी भाषा अशी शिकला की इंटरव्ह्यूला दुभाषी लागेना. बायकोही चिनी. म्हणजे ही मंडळी परदेशी राहिलीच नव्हती. नागपूरचा मुलगा पुण्यात नोकरीला येतो आणि दहा वर्षांनी ‘आमच्या पुण्यात’ म्हणायला लागतो ना, तसं काहीसं. (नागपूरकरांनो, रागावू नका.)

आणखी एक. २०१८च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला निंग. २०१९चा तियान. दोघेही चिनी! कोरियन खेळाडूंच्या शेजारी बसून, त्यांच्याशी रोज भांडून, त्यांच्याकडून शिकून हे दोघे इतके तयार झाले, की ऐन फायनलमध्ये घरच्याच पोरांनी बाजी मारली.

आता पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. नियम तोच, दोन परदेशी. पैसाही भरपूर. २०२०च्या शेवटी टीएसएम या बड्या टीमने तैवानच्या स्वोर्डआर्टला करारबद्ध केलं. तो नुकताच वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल खेळून आला होता. दोन वर्षांचे साठ लाख डॉलर्स! टीमने हा आकडा स्वतःच मोठ्या अभिमानाने जाहीर केला. २०२१ साली टीएसएम वर्ल्ड चॅम्पियनशिपला पात्रसुद्धा ठरली नाही, आणि वर्षभरात स्वोर्डआर्टने टीम सोडली.

एका उदाहरणावरून अमेरिकेला झोडपणं बरं नाही, हे मान्य. २०१९ साली टीम लिक्विडने कोअर-जेजे आणि इम्पॅक्ट या दोन कोरियन खेळाडूंना घेऊन तैपेईला चक्क जगज्जेत्या इन्व्हिक्टसला हरवलं होतं आणि एमएसआयची फायनल गाठली होती. इम्पॅक्ट तर २०१४च्या शेवटी अमेरिकेत आला तो तिथेच रुळला, इतका की नियमाच्या दृष्टीने तो स्थानिक धरला जाऊ लागला. पण एकंदरीत बघाल तर अमेरिकेची एकही टीम आजवर लीग ऑफ लेजंड्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकलेली नाही. खाली विहिरीतच पाणी कमी असेल, तर वर कितीही भारी पंप बसवा! चीनमध्ये रोज रात्री हा गेम खेळणाऱ्या पोरांचा महासागर आहे. त्यातून निंग आणि तियान निघतात. अमेरिकेत तसा उपसा होत नाही, मग दरवर्षी नवा पंप विकत आणायचा.

‘तो तिकडे’ म्हणजे कुठे?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गेम खेळायला भाषा कशाला हवी? बोटं चालतात की नाही, बस्स.

व्हॅलोरंटचा एक राउंड शंभर सेकंदांचा. या शंभर सेकंदांत पाच जण हेडफोनवर सतत बोलत असतात. कोणी मारला गेला, तर जाताजाता समोरचा कुठे आहे आणि त्याचं किती रक्त उरलंय हे सांगून जायचं असतं. एका श्वासात. पुण्या-मुंबईच्या कॅफेत खेळणारी आपली पोरं बोलतात ती हिंदी, इंग्रजी आणि शिव्यांची भेळ असते. ‘बी पे दो, एक लो है, रुक रुक रुक... जा!’ एवढ्यात सगळं आलं. यातलं ‘रुक’ कधी आज्ञा असतं आणि कधी विनवणी, हे नुसत्या सुरावरून कळतं. तेच इंग्रजीत, अर्धवट इंग्रजी येणाऱ्या कोरियन पोराला आणि त्याहून वेगळं इंग्रजी बोलणाऱ्या इंडोनेशियन पोराला समजावून सांगायचं, तर अर्धा सेकंद जातो. व्हॅलोरंटमध्ये अर्धा सेकंद म्हणजे मरण.

पाच कोरियन घेतले तर भाषेचा प्रश्नच मिटतो, हे लंडनने आणि २०२१च्या शांघायने सिद्ध केलं. टोकाचा उपाय आहे, पण लागू पडतो. फक्त मग ‘आपली टीम’ म्हणायला नावापलीकडे काय उरतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. शांघायमधल्या पोराला त्या कपातून नक्की काय मिळालं, हे मला अजून कळलेलं नाही.

बरं, मिसळ जमतच नाही असंही नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये फेझ क्लॅनने २०२२ साली अँटवर्पची मेजर जिंकली, पाच खेळाडू पाच देशांचे. डेन्मार्क, नॉर्वे, कॅनडा, एस्टोनिया, लाटव्हिया. डोटामध्ये ओजी या टीमने २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्षं, ‘द इंटरनॅशनल’ जिंकली. त्यात डेन्मार्कचा एक, फिनलंडचे दोन, फ्रान्सचा एक आणि ऑस्ट्रेलियाचा एक. पण ही पोरं इंग्रजी सर्व्हरवर एकमेकांशी गप्पा मारतच वाढलेली. आणि फेझचा कप्तान कॅरिगन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. या खेळात बत्तीस म्हणजे जवळजवळ आजोबाच! वेगवेगळ्या टीम्समध्ये, नाना देशांच्या पोरांना एकत्र बांधण्यात त्याची उभी कारकीर्द गेलेली. असा माणूस मध्ये असेल तर मिसळीला चव येते. नसेल तर नुसतीच तर्री.

आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे पेपर रेक्स. नाव सिंगापूरचं, खेळाडू इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि रशियाचे, नंतर फिलिपिन्सचा पॅटमेन. पण त्यांचा गाभा वर्षानुवर्षं तोच आहे. फोर्सेकन, डाव्हाई, जिंग ही नावं २०२२ला होती, २०२३ला लॉस एंजेलिसच्या चॅम्पियन्समध्ये उपविजेती ठरली तेव्हा होती, आणि टोरंटोत कप उचलला तेव्हाही होती. नवा माणूस आला तो या घरात राहायला आला. (परदेशी माणूस म्हटलं की व्हिसाचा ससेमिरा आलाच. रशियाचा समथिंग २०२३ला टोकियोच्या मास्टर्सला पोचूच शकला नव्हता.)

नाशिकची एक खोली

माझा एक मावसभाऊ नाशिकला असतो. एकोणीस वर्षांचा. त्याने मावशीकडून एक वर्ष मागून घेतलंय. एका वर्षात काही झालं नाही तर निमूटपणे इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष सुरू करणार. खोलीत एक जुना पीसी, त्यातलं ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, आणि लाइट गेली तर मॅच अर्धवट सुटू नये म्हणून एक इन्व्हर्टर. मावशीने कुरकुर करत का होईना, तो इन्व्हर्टर घेऊन दिलाय.

त्याला परदेशी खेळाडूंचा राग येत असेल असं मला वाटलं होतं. अजिबात नाही! टेक्श्चरच्या मॅचेस तो फ्रेम-बाय-फ्रेम थांबवून बघतो. त्याचं दुखणं वेगळंच आहे. त्याच्या मते वरच्या खुर्च्या कोणीही घेऊ दे, पण खालून वर जायचा जिना तर दिसू दे. कागदावर जिना आहे. चॅलेंजर्स साउथ एशिया नावाची दुसऱ्या पातळीची स्पर्धा आहे, ती जिंकणाऱ्याला ‘असेन्शन’मध्ये खेळून वरच्या लीगमध्ये जायची संधी मिळते. २०२५ पर्यंत एकही भारतीय टीम त्या वाटेने वर पोचलेली नाही. म्हणजे वर जायचं दार एकच, मुंबईच्या टीमचं. त्यात खुर्च्या पाच. या पाचांपैकी किती भारतीयांना, यावर देशभरातल्या अशा कितीतरी खोल्यांमधलं गणित अवलंबून आहे. आणि या खेळात पंचविशीनंतर बोटं मंदावतात असं मानतात. वाट बघायलाही फार वेळ नाही.

मोबाइल गेमर्सची कथा आणखी वेगळी. पबजी मोबाइलवर २०२०च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली. २०२१च्या जुलैत बीजीएमआय या नावाने तो परत आला, २०२२च्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि २०२३च्या मेमध्ये पुन्हा अवतरला. तीन वर्षांत दोनदा पोरांच्या नोकऱ्या हवेत लटकल्या. पण या सगळ्या गोंधळातही तिथे घरचे स्टार्स तयार झाले, कारण खाली खेळणारे कोट्यवधी होते. प्रत्येकाच्या हातात फोन होताच. व्हॅलोरंटला पीसी लागतो, आणि चांगला पीसी म्हणजे आपल्यापैकी अनेकांचा दोन-तीन महिन्यांचा पगार. विहिरीत पाणी कमी का, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

एस-एट-युएल या मुंबईच्या मंडळींनी तर रियाधच्या २०२५च्या इस्पोर्ट्स वर्ल्ड कपसाठी वेगळीच शक्कल लढवली. अपेक्स लेजंड्ससारख्या, आपल्याकडे फारसं कोणी खेळत नसलेल्या गेम्ससाठी परदेशी खेळाडू घेतले. आणि बुद्धिबळासाठी? निहाल सरीन आणि अरविंद चिदंबरम! हे मला पटलं. जिथे आपल्याकडे माणूसच नाही तिथे बाहेरचा घेतला, तर कोणाची खुर्ची जात नाही. आणि जिथे आपण बाप आहोत तिथे परदेशी कशाला?

कबड्डीचं काय झालं?

हा सगळा वाद ऐकताना मला राहून राहून प्रो कबड्डी आठवते. इराणी खेळाडू आपल्या लीगमध्ये येऊन खेळू लागले. फझल अत्राचली तर यू मुंबाचा कप्तान झाला. आणि २०१८च्या एशियन गेम्समध्ये याच इराणने सेमीफायनलला भारताला २७-१८ असं चीत केलं. केवढा गहजब झाला होता तेव्हा! आपणच शिकवलं आणि आपल्यावरच उलटले, वगैरे. पण पुढे काय घडलं? ज्या आपल्या पोरांना रोज सरावात इराणी पकडीतून सुटायचं होतं, ती पोरंही तयार होत गेली. हांगझोऊला भारताने इराणला हरवून सुवर्ण परत आणलं. आणि पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजून इराणचा मोहम्मदरेझा शादलू आणला, तेव्हा कप्तान होता आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. २०२४च्या मार्चमध्ये पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. शादलूशिवाय ते जमलं असतं का? कठीण होतं. अस्लमशिवाय? तेही कठीणच.

फक्त कबड्डीत आपल्याकडे गावोगावच्या मातीतून वर येणारी पोरं होती. एक शादलू आला म्हणून कोणा अस्लमचं दार बंद झालं नाही.

तेव्हा मला विचाराल, तर आणा. जरूर आणा परदेशी खेळाडू. देशप्रेमाच्या नावाखाली पाचही खुर्च्या घरच्यांना वाटून सोलला दर आठवड्याला मार खाण्यात कसली आलीय शान? पण आणायचाच तर आधी कोच आणा. खेळाडू एक खुर्ची अडवतो आणि एका जागी खेळतो, कोच मागे उभा राहून पाचांना आणि राखीव पोरांनाही शिकवतो. दुसरं म्हणजे, आणलेल्या माणसाला एका सीझनमध्ये हाकलू नका. रुकीला चार वर्षं लागली, स्काउटला पाच. आपल्याकडे चार मॅचेस हरल्या की फॅन्स पेटतात, स्पॉन्सर फोन करतात आणि पुढच्या विमानाने नवा चेहरा येतो. टेक्श्चर आणि पॅटमेन यांना दिलेला वेळ वाया गेला नाही, त्याचं फळ फक्त दुसऱ्यांच्या अंगणात पडलं. आणि दोन भारतीय खुर्च्या तरी पक्क्या असाव्यात, दया म्हणून नव्हे. परदेशी माणूस जाताना जे शिकवून जाईल, ते शिकून घ्यायला शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी इथलं बसलेलं हवं ना!

फ्लॅटमेटला हे काही पटलेलं नाही. त्याचं मत, कप आधी, बाकी सगळं नंतर. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. एक कप आला, की गल्लोगल्ली पीसी घेतले जातील, १९८३ नंतर बॅटी घेतल्या गेल्या तसे. असेलही. पण लॉर्ड्सवरच्या त्या अकरा जणांत मुंबईचे गावसकर होते, चंदीगडचे कपिल होते. गल्लीतल्या पोराला त्यांच्यात स्वतःला बघता आलं.

पुढच्या सीझनची यादी जाहीर होईल तेव्हा सगळे पहिली पाच नावं वाचतील. मी आणि माझा मावसभाऊ सहावं आणि सातवं नाव बघणार आहोत, राखीव खेळाडूंचं. त्याचं वर्ष संपायला अजून चार महिने आहेत.